तिसरी किल्ली

कुलपाला किल्ल्या दोन. एक मालकाकडे, दुसरी मालकाच्या विश्वासातल्या माणसाकडे. तिसरी असली तर ती चोराची समजावी. हे मी काकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की लहानपणी मला ते पाढ्यांतलंच वाटायचं.

काका कुलूपवाले. रस्त्याच्या तोंडाशी त्यांचं दुकान: एक टेबल, त्याला जखडलेला, लोखंड आवळून धरणारा शेगडा, किल्ली कापायचं यंत्र आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. दुकानाला वळसा घालून बोळात शिरलं की त्यांच्या घराचं दार. काकू गेल्यापासून त्या घरात ते एकटेच. मूलबाळ नाही. जवळची म्हणावी अशी आम्ही दोन भावंडं, दादा आणि मी.

मला ते ठिणगी म्हणतात. लहानपणी मी त्यांच्या सहाणेच्या चाकापाशी ठिणग्या बघत बसायचे म्हणून, असं ते सांगतात. काकू म्हणायची, "काही नाही, पोरगी पटकन पेटते म्हणून." काकूचंच खरं.

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक असतो आणि शेजारी माझ्या पायाशी दुसरा. तो चुकला की मी दाबते. या धंद्यात एक गोष्ट मला पक्की कळली. माणसाची भीती चेहऱ्यावर नंतर येते, आधी पायात येते. "छे, मी कुठे घाबरलोय," असं हसत म्हणणाऱ्याचा पाय खाली लटपटत असतो.

म्हणून त्या दिवशी काका म्हणाले, "ठिणगे, घरात कुणीतरी येतं," तेव्हा मी त्यांच्या पायांकडे बघितलं. चपलेतली बोटं आत वळली होती.

"कोण येणार?" मी म्हटलं. "तुमच्या घरात आहे काय नेण्यासारखं? तुटकी कुलपं?"

"कपाटातले कागद हललेत. घराचा मूळ कागद सगळ्यात खाली असतो. तो वर आला."

"तुम्हीच काढला असेल."

"मी?" ते म्हणाले. खरं सांगते, त्या "मी?" ला मी घाबरले. कारण ते मला विचारत होते.

या कागदांचं जरा सांगायला हवं. बँकेत त्यांची सही जुळेना म्हणून चेक परत आला, तेव्हा काका स्वतःच म्हणाले, आता तू बघ. वकीलबाईंनी मुखत्यारपत्र करून दिलं. तेव्हापासून त्यांची बँक, विजेचं बिल, घरपट्टी, औषधं, सगळं माझ्या सहीने चालतं. दादाला ते लागलं. थोरला तो, आणि कागद माझ्या नावाचा. "तुला काय कळतं त्यातलं?" म्हणाला. दादाचं पडद्यांचं दुकान आहे. मी म्हटलं, "तुला पडदे कळतात, मला ब्रेक कळतो. काकांना ब्रेक हवाय." तेव्हा मला हा विनोद फार जमला असं वाटलं होतं.

वकीलबाईंनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. "हा कागद काका शुद्धीत आहेत तोवरच जिवंत आहे, हे लक्षात ठेवा. उद्या त्यांचं भान गेलं की त्याच दिवशी हा मेला. मग जो आधी न्यायालयात जाईल, त्याच्या हातात काका आणि त्याच्याच हातात घर."

त्यावर उपाय होता. दुसरा कागद. आपलं भान गेलं तर आपली जबाबदारी कुणाकडे द्यायची, आपण कुठे राहायचं, हे काकांनी आत्ताच लिहून ठेवायचं आणि डॉक्टरांसमोर सही करायची. मजकूर तयार झाला. काकांनी चष्मा लावून तो वाचला आणि परत केला.

"मी वेडा होणार, असं मीच लिहून देऊ?"

"तसं नाही काका."

"मग कसं?"

कागद वकीलबाईंच्या कपाटात बिनसहीचा पडून राहिला.

दादाचं म्हणणं वेगळं. त्याने म्हाताऱ्या माणसांची एक जागा बघून ठेवली होती. स्वच्छ खोल्या, नर्सबाई, खिडकीतून झाडं. घर विकायचं, त्यातून तिथला खर्च भागवायचा. रंगीत पत्रक घेऊन तो काकांकडे गेला, तेव्हा मीही तिथे होते. काकांनी पत्रक उघडलंही नाही.

"ही जागा मला माहीत आहे," ते म्हणाले. "इथली कुलपं मीच बसवलीत. त्या दारांना आतल्या बाजूने किल्लीचं भोकच नाही."

"त्यांच्या सुरक्षेसाठीच ना, काका," दादा म्हणाला.

"मीही तेव्हा असंच म्हटलं होतं," काका म्हणाले. नंतर दादा गेल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. कानस धरून धरून त्यांची बोटं खरखरीत झालीत, पकड अजून शेगड्यासारखी. "ठिणगे, काहीही झालं तरी मला बाहेरून कडी लागता कामा नये. एवढंच बघ. बाकी घराचं काय करायचं ते करा."

मी हो म्हटलं. त्या "हो"ची मला पुढे फार धास्ती वाटायला लागली.

तर कागद हलले. मग काकांनी दाराचं कुलूपच बदललं. स्वतःच्या हातचं, लिव्हरचं, बाजारात मिळणार नाही असं. किल्ल्या दोन. एक दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात, दुसरी माझ्या गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. शिवाय दुकानात जाताना ते कुलपाच्या भोकाच्या कडेला मेणाचा एक ठिपका लावून ठेवायला लागले. किल्ली आत गेली की मेण मोडणार. ही युक्ती त्यांनी कितीतरी गिऱ्हाइकांना सांगितली होती, स्वतःसाठी कधी वापरली नव्हती.

काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. "ये."

मी गेले तर ते बोळात दारासमोर स्टुलावर बसले होते, डोळ्याला भिंग लावून. मेण मोडलेलं होतं. "कुलपाला ओरखडा नाही," ते म्हणाले. "तार घातलेली नाही. हे किल्लीने उघडलंय."

"तुम्हीच जेवायला येऊन गेला असाल."

"आज मी डबा दुकानात नेला होता. जाऊन बघ."

डबा होता. दुकानात टेबलाखाली, खरकटा. मग ते भिंग काढून माझ्याकडे बघायला लागले. कुंपणच शेत खातं, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी भांडले असते, ओरडले असते, पेटले असते. ते फक्त गळ्यातली किल्ली मुठीत धरून म्हणाले, "दोनच आहेत ना गं?"

माझा संताप झाला आणि त्याच्या खाली भीती होती. ती मी ओळखली, कारण माझाच पाय खाली लटपटत होता.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंचा फोन. "काकांनी मला गुरुवारी संध्याकाळी घरी बोलावलंय. मुखत्यारपत्र रद्द करायचं म्हणतायत. काय झालं?"

काय झालं ते मला तरी कुठे माहीत होतं! दोनच दारं दिसत होती आणि दोन्हींमागे अंधार. एक तर खरंच कुणीतरी काकांच्या घरात शिरत होतं. नाही तर काका स्वतःच दार उघडत होते, कागद हलवत होते आणि विसरत होते. पहिलं खरं असेल तर त्यांचा जीव धोक्यात. दुसरं खरं असेल तर माझा कागद मेल्यातच जमा.

गुरुवारी सकाळचे शिकाऊ मी दुसऱ्या दिवसावर ढकलले आणि दादाकडे गेले. भांडायला नव्हे, शपथेवर सांगते. थोरला भाऊ आहे, काहीतरी सुचवेल म्हणून.

दादा गळ्यात टेप घालून एका बाईला पडद्याच्या चुण्या समजावत होता. मी कापायच्या मोठ्या टेबलापाशी उभी राहिले. टेबलावर कात्री, खडू, सुतळी आणि त्याच्या किल्ल्यांचा जुडगा. हात रिकामे असले की मी काहीतरी चाळवते. जुडगा उचलला. दुकानाची, स्कूटरची, गोदामाची. आणि एक पितळी.

काका आपल्या हातच्या प्रत्येक किल्लीच्या डोक्यावर, कडेला, कानशीने एक तिरपी खाच मारतात. दिसत नाही, बोटाला कळते. माझ्या अंगठ्याला ती कळली. मी माझा जुडगा काढला आणि माझी पितळी किल्ली तिच्याशेजारी धरली. दाते एकाला एक.

बाई गेली. दादाने माझ्या हातात काय आहे ते बघितलं आणि टेप गळ्यातून काढून नीट गुंडाळायला लागला.

"बोल," मी म्हटलं.

"मी चोरी केली नाही."

"खाई त्याला खवखवे. मी चोरी म्हटलंय का?"

"तुझी गाडी मागे घ्यायला तू मला जुडगा दिला होतास, आठवतं? मला वाटलं, एक किल्ली आपल्याकडेही असावी. म्हातारा माणूस, एकटा. परवा गॅस चालू ठेवून दुकानात बसले होते, माहीत आहे तुला? नाही ना? मी बंद केला."

"किल्ली कुठून केलीस?"

दादा टेप गुंडाळत राहिला. "त्यांच्याकडूनच."

मला कळलं नाही. म्हणजे शब्द कळले.

"मी सरळ दुकानात गेलो," तो म्हणाला. "म्हटलं, तोंडावर मागतो. काका, मलाही एक हवी. किल्ली टेबलावर ठेवली. तर त्यांनी विचारलं, घर कुणाचं? मला वाटलं चेष्टा करतायत. मी म्हटलं, माझ्या काकांचं. त्यांनी मान हलवली आणि करून दिली. आपल्याच घराची किल्ली, स्वतःच्या हाताने! पैसे घेतले. सुटे परत दिले. मला 'साहेब' म्हणाले." त्याचा आवाज जरा फाटला. "मी बाहेर येऊन गाडीवर बसून राहिलो बराच वेळ. मी पण माणूसच आहे गं."

"आणि मग माणसासारखा जाऊन कागद चाळलेस."

"पहिल्यांदा जुनं कुलूप होतं, दार उघडंच सापडलं, तेव्हा नुसते बघितले. मग प्रती काढल्या. त्या लागतात अर्जाला. मी न्यायालयात अर्ज करतोय. ते आता स्वतःचं बघू शकत नाहीत, हे सिद्ध करायला मला फार कष्ट पडणार नाहीत. तूही बघ विचार करून."

मी विचार केला, तिथेच, उभ्या उभ्या, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. काकांना सांगावं की चोर मी नव्हे, दादा, तर किल्ली कुठून आली हे सांगावं लागणार. ते सांगितलं की काकांचं भान गेलंय हे मीच सिद्ध केलं; माझा कागद मेला, दादाचा अर्ज जिंकला, काका बिनभोकाच्या दारामागे. आणि गप्प बसावं, तर आज संध्याकाळी चोर म्हणून माझा कागद रद्द, आणि शेवट तोच. इकडे आड, तिकडे विहीर.

"तू खोटं बोलतोयस," मी दादाला म्हटलं. मला ते खोटं असायला हवं होतं. काका, जे डोळे मिटून बोट फिरवून सांगतात की ही कुठल्या दाराची किल्ली, ते स्वतःच्या दाराची ओळखणार नाहीत?

"जाऊन बघ," दादा म्हणाला.

मी गेले. रस्ताभर स्वतःला शिव्या घालत होते की कशाला जातेयस. दुकानासमोर गाडी लावली, गॉगल काढला, केस मागे सारले, तोंड अगदी स्वच्छ दिसेल असं केलं आणि आत गेले. दुपारची वेळ, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. काका टेबलावर वाकून एका कडीला तेल देत होते.

"काका, एक किल्ली करून द्या," मी म्हटलं. त्यांना सगळेच काका म्हणतात. माझी किल्ली मी टेबलावर ठेवली.

गिऱ्हाइकाचं तोंड नंतर, किल्ली आधी, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी किल्ली उचलली, उजेडात धरली, अंगठा दात्यांवरून फिरवला. आता म्हणतील. आता म्हणतील, ठिणगे, ही कसली थट्टा? मला एक शिवी हासडतील. दादा खोटा ठरेल.

त्यांनी वर बघितलं. माझ्या डोळ्यांत सरळ बघितलं. नजर शांत, सभ्य, गिऱ्हाइकाकडे बघतात तशी.

"घर कुणाचं, ताई?"

"माझ्या काकांचं."

"त्यांना ठाऊक आहे ना?"

"त्यांनीच दिलीय ही मला."

"मग हरकत नाही. विचारावं लागतं, राग मानू नका." ते वळले, भिंतीवरच्या शेकडो कोऱ्या किल्ल्यांतून नेमकी हवी ती न शोधता काढली आणि यंत्रात बसवली. चाक फिरायला लागलं. पितळेचा चुरा ठिणग्यांसारखा उडाला. मी लहानपणी उभी राहायचे त्याच जागी उभी होते. ओरडावंसं वाटत होतं.

"कुलूप चांगल्या हाताचं आहे," ते कानस मारता मारता म्हणाले. "कुणी केलं?"

"आहेत एक."

"जुना माणूस असणार. असं आता कुणी करत नाही." मग जरा थांबून, "काका म्हातारे आहेत का?"

"हो."

"एकटे?"

"हो."

"मग ही किल्ली कुठेही टाकू नका, ताई. म्हाताऱ्या माणसाच्या घराला फार डोळे असतात. माझंच सांगतो." त्यांनी सदऱ्यातून दोरा ओढून गळ्यातली किल्ली बाहेर काढली. ती माझ्या किल्लीपासून वीतभर अंतरावर लोंबत होती, तेच दाते, तीच खाच. त्यांना दिसत नव्हतं. "माझ्या घराच्या दोनच किल्ल्या. एक ही. दुसरी माझ्या पुतणीकडे. तापट आहे पोरगी, पण दुसरी किल्ली तिच्याकडे आहे म्हणून मला झोप लागते."

मी टेबलाची कड धरली.

त्यांनी नव्या किल्लीच्या डोक्यावर तिरपी खाच मारली, फुंकर घातली, फडक्याने पुसली. "लावून बघा आधी. लागली तर पैसे."

मी बाहेर पडले. पाय कुठे नेतायत ते कळत नव्हतं. पाय आपणहून बोळात वळले. दारावर मेणाचा ठिपका होता. मी नवी किल्ली घातली. मेण मोडलं. कुलूप लोण्यासारखं उघडलं. आत जाऊन मी कपाटाशेजारच्या खुर्चीवर बसले. हातातली किल्ली अजून कोमट होती. मी रडले का? असेन. घाबरलेलं माणूस रडतं तेव्हा त्याचं त्याला कळत नाही.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. दाराशी पावलं वाजली आणि थांबली.

"कोण आहे आत?"

काका दारात उभे होते. हातात हातोडी, आणि ती हातोडी हलत होती. त्यांच्या तोंडावर जी भीती होती ती मी आयुष्यात कुणाच्या तोंडावर पाहिलेली नाही. आपल्याच घराच्या दारात उभा राहून माणूस घरातल्याला घाबरत होता, आणि घरात मी होते.

"काका, मी."

त्यांनी डोळे बारीक केले. हातोडी हळूहळू खाली आली. "ठिणगे?"

ओळखलं! माझा जीव भांड्यात पडला. आणि लगेच त्यांची नजर माझ्या हातावर गेली. माझा जुडगा टेबलावर होता, त्यात या दाराची एक किल्ली. त्यांच्या गळ्यात एक. माझ्या मुठीत तिसरी.

"म्हणजे तूच," ते म्हणाले. रागाने नव्हे. अगदी हळू, दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसं.

हो म्हटलं असतं तर त्यांच्यासाठी मी चोर झाले असते, पण ते शहाणे राहिले असते. एवढं तरी त्यांना देता आलं असतं. मी मनाची तयारी करत होते, तेवढ्यात ते पुढे आले आणि त्यांनी माझ्या हातातून किल्ली घेतली.

अंगठा दात्यांवरून गेला. मग डोक्याकडे. खाचेवर थांबला. त्यांनी किल्ली नाकाशी नेऊन वास घेतला, ताज्या कापलेल्या पितळेचा. मग खाली स्वतःच्या सदऱ्याकडे बघितलं. सदऱ्यावर पितळेचा चुरा चमकत होता.

"ही माझ्या हातची आहे," ते म्हणाले.

मी उठले आणि खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली.

"आत्ताची आहे."

"काका, बसा तुम्ही."

"कोण आलं होतं दुकानात? एक बाई होती." ते आठवत होते, आणि आठवताना त्यांचा चेहरा उतरत गेला. "भली होती. मी तिला सांगितलं की माझी पुतणी..." ते थांबले. खुर्चीच्या पाठीला धरून खाली बसले. "आणि ती पहिली? मेण मोडलं ती?"

"दादा आला होता. त्यालाही तुम्हीच करून दिली."

"त्यालाही ओळखलं नाही मी?"

"नाही."

ते हातातली किल्ली उलटसुलट करत बसले. चपलेतली बोटं आत वळली होती. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांचे दोन्ही पाय धरले. मला भीती वाटत होती, त्यांनाही वाटत होती, आणि आम्ही दोघांनीही ती लपवायचं सोडून दिलं होतं.

"वकीलबाई आज येणार आहेत ना?" ते एकदम म्हणाले.

"संध्याकाळी. माझा कागद रद्द करायला."

"तो दुसरा कागद. मी वेडा होणार, असं लिहिलेला. तो आहे अजून?"

"आहे."

"तो घेऊन या म्हणावं. डॉक्टरांनाही घेऊन या म्हणावं. संध्याकाळी नको, आत्ता. मला कळतंय तोवर. बाहेरून कडी नको, हे त्यात आहे ना?"

"आहे, काका. पहिल्याच ओळीत घालून घेतलंय."

मी फोन लावला. वकीलबाई म्हणाल्या, डॉक्टर दवाखान्यातच आहेत, त्यांना घेऊन निघते, वाटेत गर्दी आहे, पण येतेच. मी म्हटलं, बाई, कशाही या.

मग दुसरी खुर्ची ओढून मी त्यांच्याजवळ बसले आणि आम्ही थांबलो. आयुष्यात मी अनेक घाबरट माणसांशेजारी बसलेय, वळणावर, चढावर, ट्रकच्या मागे. असं कधी बसले नव्हते. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही.

"काका, मी कोण?"

"ठिणगी."

"हे घर कुणाचं?"

"माझ्या बापाचं. मग माझं. परीक्षा घेतेस काय गं? लायसन देणारेस?"

आम्ही हसलो. खरंच हसलो. त्यांनी सांगितलं की काकूला कुलूप उघडायला कधीच जमलं नाही, ती किल्ली उलटी घालायची आणि कुलपाला शिव्या द्यायची. मीही तशीच शिकले होते, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "नाही, तू बरी होतीस." मग जरा शांत झाले. बाहेर एक गाडी थांबल्यासारखं वाटलं, पण ती पुढे गेली. मी विचारलं, "पाणी हवंय?" त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. त्यांची नजर टेबलावर ठेवलेल्या किल्ल्यांवर होती. तिथे दोन होत्या, एकीला लागून एक. ते एकदा हिला, एकदा तिला हात लावत होते.

"सही मी कुठे करायची, ते दाखव हं," ते म्हणाले.

"दाखवते."

"नीट येत नाही आता सही."

"वाकडी आली तरी चालेल, काका. डॉक्टर असतील समोर."

ते पुन्हा किल्ल्यांकडे वळले. मी मनात रस्ता मोजत होते. आता चौकात असतील. आता पुलाखाली. आता वळल्या असतील.

घंटी वाजली.

मी इतक्या जोरात दचकले की खुर्ची सरकली. काकांनीही मान वर केली. आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. शांतपणे, सभ्यपणे, जरा संकोचून.

"ताई, कुणीतरी आलंय," ते म्हणाले. "तुम्ही उघडता का दार? किल्ली तुमच्याकडेच आहे ना?"

माझा पाय फरशीवर गच्च दाबलेला होता. बाहेर वकीलबाईंनी पुन्हा घंटी वाजवली.